गिरान बघायला निघताय? लातूरहून गाडीने ग्रहण गाठायची तयारी

आमच्याकडे ग्रहणाला 'गिरान' म्हणतात. गिरान लागलं की माणसं घरात जातात, दार ओढून घेतात. आमच्या घरात मात्र गिरान जवळ आलं की गाडीच्या टायरमध्ये हवा भरली जाते. याला कारण बाबा. १६ फेब्रुवारी १९८०ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली हुबळी, रायचूरवरून गेली. लातूरहून रायचूर म्हणजे एका दिवसाचा रस्ता. बाबा तेव्हा नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून लागले होते आणि जायचं ठरवून बसले होते. आजीने आदल्या रात्रीच बाहेरच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. ते हुकलेलं ग्रहण बाबांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

त्यामुळे १९९५ला त्यांनी आम्हा सगळ्यांना भाड्याच्या जीपमध्ये घालून थेट फतेहपूर सिक्री गाठली. मी बारा वर्षांची होते. पुढे २००९ला मी नवऱ्याबरोबर इंदूरला गेले आणि ढग बघून आले. २०१९ला मुलांना घेऊन केरळच्या सीमेवर कंकणाकृती बघितलं. तीन प्रवासांत एक पूर्ण यश, एक सपशेल फजिती आणि एक बरा दिवस, एवढी माझी कमाई. ओळखीतले लोक आता पुढच्या ग्रहणांचं विचारतात, म्हणून क्रमाने लिहून ठेवते आहे.

१. कोणतं ग्रहण आहे, ते आधी नीट बघा

पंचांगात तीन शब्द येतात. खंडग्रासात चंद्र सूर्याचा लचका तोडतो, एवढंच. कंकणाकृतीत चंद्र पृथ्वीपासून जरा लांब असल्यामुळे सूर्य पुरता झाकत नाही आणि भोवती बांगडी उरते. खग्रासात सूर्य पुरता झाकला जातो, दिवसा अंधारतं आणि एरवी कधीच न दिसणारा कोरोना, म्हणजे सूर्याचं बाहेरचं वातावरण, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

इथे पहिला आणि सगळ्यात मोठा सापळा आहे. "आपल्या गच्चीवरून नव्वद टक्के दिसतंय की, मग एवढं पेट्रोल कशाला जाळायचं?" हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकलं आहे. हिशेब सांगते. कोरोनाचा उजेड सूर्याच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाइतका, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राएवढा असतो. सूर्याचा एक टक्का जरी उघडा राहिला तरी तो उजेड कोरोनाच्या दहा हजार पट होतो आणि कोरोना त्यात बुडून जातो. ९९ टक्क्यांना जरा मळभ आल्यासारखं वाटतं, तेवढंच. लग्नाला जाऊन मांडवाबाहेरून अक्षता टाकून परत यावं, तशी गत होते.

तारखा अशा आहेत. २ ऑगस्ट २०२७ला सोमवारी, दुपारनंतर मराठवाड्यातून खंडग्रास दिसेल. त्याचं खग्रास रूप इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त आहे, पण तिथे काही गाडीने जाता येत नाही. २१ मे २०३१ला बुधवारी कोची ते मदुराई या भागातून कंकणाकृती दिसेल. ही लातूर-नांदेडकरांसाठी खरी गाडीची सहल. आणि २० मार्च २०३४ला, सोमवारी, जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या बाजूने खग्रास.

२. नकाशावर पट्टा शोधा, मग गाव ठरवा

लोक उलटं करतात. मामाचं घर इंदूरला आहे म्हणून इंदूर, मंगळूरला समुद्र आहे म्हणून मंगळूर. आधी पट्टा बघा, म्हणजे जमिनीवरची ती वाट, जिच्या आतूनच खग्रास किंवा कंकणाकृती दिसतं. 'नासा'ने प्रसिद्ध केलेल्या नकाशांवर पट्ट्याच्या दोन कडा आणि मधोमध मध्यरेषा आखलेली असते. कडेजवळ गेलात तर अंधार काही सेकंदांचा, मध्यरेषेवर सगळ्यात जास्त.

पट्टा प्रत्येक वेळी वेगळा असतो. १९९५ला राजस्थान-उत्तर प्रदेशात तो पन्नास किलोमीटरही रुंद नव्हता. थोडं इकडेतिकडे झालं असतं तर लातूरहून हजारावर किलोमीटर जाऊन खंडग्रास बघून आलो असतो. २००९ला सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पट्टा दोनशे किलोमीटरांहून रुंद होता आणि सुरतेला अंधार तीन मिनिटांवर होता.

वेळांसाठी पंचांग उत्तम, फक्त शब्द कळले पाहिजेत. स्पर्श म्हणजे चंद्र सूर्याला टेकला. संमीलन म्हणजे सूर्य पूर्ण झाकला, अंधार सुरू. मग मध्य. उन्मीलन म्हणजे पहिला किरण परत आला, आणि मोक्ष म्हणजे सगळं संपलं. हे पाच शब्द आणि पाच वेळा एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून गाडीत लावा. पण पंचांगातली वेळ ज्या गावासाठी दिली आहे तिथलीच असते. तुम्ही उभे राहणार त्या जागेची वेळ वेगळी काढा. एका मिनिटाचा फरक म्हणजे इथे पुष्कळ झाला.

सूर्य किती उंचीवर असेल तेही लिहा. २००९ला संमीलन सकाळी सव्वासहाच्या पुढेमागे होतं आणि सूर्य क्षितिजाच्या जेमतेम वर. अशा वेळी पूर्वेला एक इमारत किंवा टेकडी आडवी आली की संपलं.

३. महिना बघा, म्हणजे ढग कळतील

२४ ऑक्टोबर १९९५ हा लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस होता. आभाळ धुऊन पुसल्यासारखं स्वच्छ. २२ जुलै २००९ म्हणजे आषाढी अमावस्या, आपली दिव्यांची आवस, ऐन पावसाळा. दोन्ही प्रवासांच्या निकालातला फरक इथेच होता.

२००९ची गोष्ट सविस्तर सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. लातूर, बीड, तेव्हाचं औरंगाबाद, कन्नडचा घाट, चाळीसगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, असा साडेसहाशेच्या पुढचा रस्ता. घाटात पाऊस, धुकं आणि ट्रकची रांग यांत अडीच तास गेले. धुळ्यात पोचायला रात्र झाली. इंदूरजवळ लॉज सहा आठवडे आधी पूर्ण पैसे भरून ठेवला होता. "पूर्वेकडची गच्ची आहे मॅडम," असं फोनवर सांगितलं होतं आणि गच्ची खरोखरच पूर्वेकडची निघाली. २२ला पहाटे चारला उठलो तर आभाळ काळ्या घोंगडीसारखं. शेजारच्या खोलीतले पुण्याचे दोघे गाडी काढून निघाले. आम्ही पैसे भरलेले, चादरी अंथरलेल्या, चहा सांगितलेला. बसलो. सव्वासहा वाजून गेल्यावर कुणी दिव्याची वात खाली करावी तसा उजेड उतरला, रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले, कावळे झाडांवर परतले आणि क्षितिजाच्या कडेला एक मळकट नारिंगी पट्टी तेवढी उरली. तीन मिनिटांनी पुन्हा सकाळ झाली. सूर्य काही दिसला नाही.

हललो असतो तर दिसलं असतं, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी ढग दूरवर होते. वाराणसीला मात्र लोकांना दिसलं. पण आम्ही खोलीच्या पैशांसाठी जागचे हललो नाही, हे अजून सलतं.

तेव्हापासून माझा नियम: मुक्काम पट्ट्याच्या आत, पण आगाऊ पैसे कमीत कमी. पट्ट्यातच, एकमेकांपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर, दोन जागा हेरून ठेवा. आदल्या संध्याकाळी उपग्रहाचं ढगांचं चित्र बघा आणि रात्री झोपण्याआधी ठरवा. पहाटे ठरवायचं म्हटलं की माणूस पांघरूण सोडत नाही. २०३१ला मे महिना आहे, केरळात वळवाचे ढग येऊ शकतात. त्यामुळे घाटाच्या पलीकडची तामिळनाडूची कोरडी बाजू, म्हणजे मदुराईकडचा भाग, माझ्या यादीत पहिला आहे.

४. गाडी आणि कागद

गुगल नकाशा जो वेळ दाखवतो त्यात निम्मा आणखी मिळवा. मुलं, म्हातारी माणसं, चहा, लघवी, पंक्चर, रस्त्याचं काम, सगळं धरून. लातूरहून सोलापूर, विजयपूर, हुबळी, यल्लापूरचा घाट उतरून अंकोला आणि मग किनाऱ्याने मंगळूर हा आठशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आम्ही दोन दिवसांत केला. एका दिवसात करणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ग्रहणाच्या आदल्या दुपारपर्यंत पट्ट्यात पोचलेलं बरं.

भाड्याची गाडी असेल तर मालकाला "बाहेरच्या राज्याचं परमिट आहे ना?" एवढंच विचारून थांबू नका. कागद डोळ्यांनी बघा, तारखा वाचा. २०१९ला आमच्या गाडीचं परमिट होतं, पण मुदत दोन दिवसांपूर्वी संपलेली. सीमेवर ते नवीन काढून घेईपर्यंत दोन तास उन्हात. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाडं देऊन नेऊ नका. अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात.

पिशवीत असू द्या:
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हिंग लायसन्स. भाड्याची असेल तर परमिट. मोबाइलमध्ये असले तरी एक झेरॉक्स संच.
- सगळ्यांची आधार कार्डं. लॉजवर मुलांचीही मागतात.
- फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे, शिवाय सुट्टी नोट.
- औषधांच्या चिठ्ठ्या, आजी-आजोबांच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या.
- त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला. ग्रहणाच्या दिवशी गर्दीने नेटवर्क बसतं.
- टॉर्च, पांढरी चादर, सतरंज्या, टोप्या, पिठाची चाळणी. चाळणीचं पुढे सांगते.

गाडीत तेल आदल्या संध्याकाळी भरा.

५. चष्मे: इथे काटकसर करू नका

सूर्याकडे बघताना डोळा दुखत नाही, हाच धोका. आतल्या पडद्याला वेदना कळतच नाही. भाजल्याचं काही तासांनी कळतं आणि तेव्हा वेळ गेलेली असते.

ग्रहण बघायच्या चष्म्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं असतं. नुसत्या छापण्यावर विश्वास ठेवू नका, घरी तपासा. चष्मा लावून खोलीत बघितलं तर काहीही दिसता कामा नये. खिडकी दिसली, माणसं दिसली, तर तो चष्मा फेका. पडद्याला ओरखडा, टाचणीएवढं भोक असेल तरी फेका. माणशी एक आणि दोन जास्तीचे घ्या, आणि महिनाभर आधी. खगोल मंडळं आणि विज्ञान केंद्रं ते देतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या जुन्या संस्था आहेत, त्यांच्याकडे चौकशी करावी. शेवटच्या आठवड्यात रस्त्यावर जे मिळतं, ते मी घेत नाही.

वेल्डिंगची काच चालते, पण १४ नंबरचीच. एमआयडीसीतल्या दुकानात दहा किंवा अकरा नंबरची सहज मिळते आणि दुकानदार "चालतंय की ताई" म्हणतो. चालत नाही.

आणि हे अजिबात वापरू नका: एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, उन्हाचा गॉगल, सीडी, एकावर एक ठेवलेले दोन गॉगल. आमच्या गावाकडे परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी करून त्यात सूर्य बघतात. प्रतिबिंबातूनही डोळा भाजू शकतो. दुर्बिणीला पुढच्या बाजूला फिल्टर नसेल तर ती गाडीच्या डिकीतून काढूच नका; डोळ्यावर चष्मा आणि हातात उघडी दुर्बीण, ही जोडी सगळ्यात वाईट.

लहान मुलांच्या चष्म्याची युक्ती: कागदी प्लेटला दोन खाचा पाडा, चष्मा त्यात चिकटपट्टीने बसवा. प्लेटमुळे सगळा चेहरा झाकतो आणि बाजूने डोकावता येत नाही.

चष्मा नसताना बघायचा सोपा मार्ग म्हणजे चाळणी. सूर्याकडे पाठ करून चाळणी उन्हात धरा, खाली चादरीवर शेकडो चंद्रकोरी पडतात. लिंबाच्या झाडाखालीही पडतात, पानांच्या फटींतून. २०१९ला माझ्या धाकटीने सूर्यापेक्षा चाळणीच जास्त वेळ बघितली.

६. घरातल्यांची समजूत

खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

२००९ला मी सहा महिन्यांची गरोदर होते. गरोदर बाईने ग्रहणात सुरी धरायची नाही, बसून राहायचं, बाहेर तर पडायचंच नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी फोन करकरून माझं डोकं खाल्लं. मी डॉक्टरांना विचारलं, आणि ग्रहणाचं नव्हे, रस्त्याचं विचारलं. त्यांनी सांगितलं, दोन तासांनी थांबून चाला, सीटबेल्ट पोटाखालून घ्या, पाणी पीत राहा. काळजी करायची तर खड्ड्यांची. मुलगा ऑक्टोबरमध्ये झाला. ओठ-कान जागच्या जागी, आवाज जरा जास्तच. गरोदर बाई घरात असेल तर तिला प्रवास झेपेल का, हे डॉक्टर ठरवतील. ग्रहणामुळे तिला किंवा बाळाला काही होत नाही.

दुसरी लढाई मुसळाची. ग्रहण लागलं की परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभं करायचं. ते आपोआप उभं राहतं, हे ग्रहणाचं लक्षण, असं आमच्याकडे मानतात. वाद घालू नका. एखाद्या साध्या मंगळवारी मुलांना बोलावून परातीत मुसळ उभं करून दाखवा. बूड सपाट असेल तर कुठल्याही वारी राहतं. सासूबाईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, पण मुसळ उचलून जागेवर ठेवताना जरा आपटलं.

२०१९ला वेगळाच पेच. २६ डिसेंबर म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचं ग्रहण, आणि आमच्याकडे तीच येळवस! लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवसेला शेत सोडून कुठे जायचं म्हणजे दिवाळीला घर सोडण्यासारखं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे, सगळं रान माणसांनी भरलेलं. "येळवस टाकून गिरान बघायला निघाली," हे वाक्य औशाच्या शेतापासून लातूरच्या बाजारापर्यंत फिरलं. शेवटी तडजोड अशी झाली की शेतातली पूजा दीर-जावेने करायची आणि आम्ही उंडे-भज्जीचा डबा घेऊन जायचं. तुमच्याकडेही असंच काही आडवं येईल, कारण सूर्यग्रहण अमावस्येलाच लागतं आणि आपल्याकडे अमावस्या रिकामी नसते. तारीख कळली की पंचांगात सण बघा आणि घरात दोन महिने आधी विषय काढा.

ज्यांना वेध पाळायचे आहेत त्यांना पाळू द्या. आमच्या सासूबाई २०१९ला काही न खाता बरोबर आल्या, चाळणीतल्या कोरी बघितल्या आणि मोक्षानंतर तिथेच समुद्रात आंघोळ करून जेवल्या. गाडीत भांडण झालं नाही, हे माझ्या मते त्या प्रवासातलं मोठं यश.

७. शिदोरी

ग्रहणकाळात बऱ्याच ठिकाणी हॉटेलं बंद असतात, देवळांची दारंही. मुलांना हे कळत नाही. दोन दिवस टिकेल असं बरोबर घ्या: दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा. ठेचा वेगळ्या बाटलीत, नाहीतर सगळ्या पिशवीला वास. आंबील नेऊ नका, आमची दुसऱ्या दिवशी हुबळीजवळ बाटलीतून फसफसून सीटवर आली. ड्रायव्हरचा डबा धरायला विसरू नका. आणि तो ग्रहणात गाडी चालवणार आहे का, हे निघण्याआधी विचारा. इंदूरला आमचे ड्रायव्हरकाका स्पर्शापासून मोक्षापर्यंत तोंडावर टॉवेल घेऊन गाडीत पडून होते. हरकत नव्हती, पण पळायची वेळ आली असती तर पंचाईत होती.

८. आदल्या दिवशी जागा बघा

ज्या वेळी ग्रहण आहे, त्याच वेळी आदल्या दिवशी त्या जागेवर जाऊन उभं राहा. सूर्य कुठे आहे, तारा आड येतात का, रस्त्यावरचे दिवे जवळ आहेत का. ते अंधारात आपोआप लागतात आणि मजा घालवतात. शेत असेल तर मालकाला विचारा, उभ्या पिकात गाडी घालू नका. विचारलं की माणसं खळं दाखवतात, पाणी देतात.

२०१९ला आम्ही मंगळूरला उतरलो होतो. पण मध्यरेषा खाली चेरुवथूरजवळून जात होती, म्हणून आदल्या दिवशी तिकडे जाऊन आलो आणि पहाटे अंधारातच निघून कासरगोडच्या पुढे गेलो. शाळेचं मैदान, शंभरेक माणसं, चहाची किटली फिरवणारा एक मुलगा. साडेनऊच्या जरा आधी बांगडी पूर्ण झाली आणि तीनेक मिनिटं राहिली. मैदानावर मल्याळम, कन्नड, मराठी, सगळ्यांचा एकच "आ!"

९. त्या दिवशीचा क्रम

स्पर्शाच्या अर्धा तास आधी सगळ्यांना लघवीला पाठवा. हसू नका. १९९५ला माझा धाकटा भाऊ नेमका संमीलनाच्या वेळी झुडपामागे होता आणि तीस वर्षं झाली तरी आम्ही त्याला ते ऐकवतो.

स्पर्शापासून तासभर फारसं काही घडत नाही. मुलं कंटाळतात, त्यांना चाळणी द्या. सूर्य तीन चतुर्थांश झाकला की ऊन विचित्र होतं, सावल्यांच्या कडा धारदार होतात, गार वाटायला लागतं. पांढरी चादर अंथरून ठेवा. संमीलनाच्या मिनिटभर आधी कधीकधी तिच्यावर पाण्याच्या लाटांसारख्या फिकट पट्ट्या सरकतात.

एका माणसाला घड्याळावर बसवा. त्याचं काम फक्त ओरडायचं: "पाच मिनिटं", "एक मिनिट", "चष्मे काढा", "चष्मे लावा".

चष्म्याचा नियम पाठ करून घ्या. कंकणाकृती किंवा खंडग्रास असेल तर चष्मा एक क्षणही काढायचा नाही, बांगडी पूर्ण झाली तरी. खग्रास असेल तर संमीलनापासून उन्मीलनापर्यंतच काढायचा. आणि तिथे मात्र काढायचाच, कारण चष्म्यातून कोरोना दिसत नाही. चंद्राच्या दऱ्यांतून शेवटचे मणी चमकतात, मग एक खडा उरतो, हिऱ्याच्या अंगठीसारखा, तो विझला की काढा. दुसऱ्या बाजूने पहिला ठिपका चमकला की लावा.

फतेहपूर सिक्रीला सकाळी साडेआठच्या सुमारास ते घडलं. मिनिटभरही नाही. सूर्याच्या जागी काळा गोळा आणि दोन्ही बाजूंना पसरलेले पांढरे रेशमी केस. सूर्यावर डाग कमी असतात अशा वर्षी कोरोना असा आडवा पसरतो, हे मला पुढे कळलं. जवळच शुक्र लखलखत होता. मी बाबांकडे बघितलं तर ते वर बघत नव्हते, आईचा चष्मा काढून देत होते, ती भीतीने काढायलाच तयार नव्हती. मग दोघांनी मिळून वर बघितलं. त्यांना जेमतेम निम्मा वेळ मिळाला असेल.

म्हणून चष्मा काढायचा सराव घरीच दोनदा करा. आणि फोटो काढू नका. मोबाइल तिपाईवर ठेवून माणसांचा व्हिडिओ चालू करा, सूर्याचा नको. सूर्याचे चांगले फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत येतात. तुमच्या सासूबाईंचा त्या क्षणीचा चेहरा कुठेच छापून येत नाही.

१०. परत निघताना

उन्मीलन झालं की सगळे एकदम गाड्या काढतात आणि तासन्‌तास अडकतात. तुम्ही डबे उघडा. मोक्ष होईपर्यंत थांबा, मग आणखी तासभर. ड्रायव्हर पहाटे तीनचा जागा असेल तर त्याला झोपू द्या. त्याच दिवशी घर गाठायचा हट्ट नको. आम्ही परतीचा मुक्काम हुबळीला केला. चष्मे कडक डब्यात, कागदात गुंडाळून ठेवा आणि पुढच्या वेळी पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका.

११. सराव कधी करायचा

२ ऑगस्ट २०२७ पुन्हा आषाढी अमावस्या, दिव्यांची आवसच. हा योगायोग नाही. १८ वर्षं ११ दिवस आणि आठेक तासांनी ग्रहणांची मालिका परत फिरते. २००९चं आणि हे एकाच मालिकेतलं. वरच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असते, म्हणून सावली या वेळी आपल्याऐवजी इजिप्तवरून जाते. आपल्या वाट्याला दुपारनंतरचं खंडग्रास, तेही पावसाळ्यातलं. दिसलं तर दिसलं, पण चष्मे, पुठ्ठ्यावरच्या वेळा, घड्याळवाला माणूस, चाळणी, या सगळ्याची रंगीत तालीम पश्चिमेच्या गच्चीवर करून घ्या. इंदूरला माझ्या पोटात असलेला मुलगा तेव्हा अठराला टेकलेला असेल. घड्याळाचं काम त्याला दिलं आहे.

अशा तीन फेऱ्या झाल्या, म्हणजे ५४ वर्षं आणि साधारण महिना, की सावली पुन्हा जवळपास त्याच रेखांशांवर येते. १९८०ला रायचूरवरून गेलेलं ग्रहण २० मार्च २०३४ला परत भारतात येतंय, फक्त उत्तरेच्या टोकाला. फाल्गुनी अमावस्या, पाडवा तोंडावर, आणि श्रीनगर-लेह रस्त्यावर झोजिला खिंडीत बर्फ. हिवाळ्यात ती खिंड बंद असते. बोगद्याचं काम चालू आहे. बाबा पंच्याहत्तरीत आहेत. परवा जेवताना त्यांनी विचारलं, "झोजिला मार्चात उघडतो का गं?" धाकटी आता दर मार्चला खिंड कोणत्या तारखेला उघडली ते वहीत लिहून ठेवते. किल्ली कनवटीला खोचणारं आता घरात कुणी नाही.